पीएच.डी.च्या आडवळणाच्या वाटेवर एनपीटीईएलची सोबत

बी.एस्सी., एम.एस्सी. आणि लगेच पीएच.डी. असा सरळ मार्ग ज्यांना मिळाला नाही, त्यांच्यासाठी मी एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाचे हे परीक्षण लिहीत आहे. २०१३ मध्ये रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर मी लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) विभागात चार वर्षे पाळ्यांमध्ये काम केले, मग एम.एस्सी. केले आणि त्यानंतर कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागले. संशोधनाची इच्छा कायम होती. परंतु नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा अभ्यासक्रम उघडला की क्वांटम रसायनशास्त्र आणि ग्रुप थिअरी (रेणूंच्या सममितीचे गणित) या विषयांशी आपला संबंध पार तुटला आहे, हे ध्यानात येई. एका खासगी क्लासने माझ्याकडून संपूर्ण शुल्क आगाऊ घेतले आणि दुसऱ्याच महिन्यात शिक्षक बदलले. व्हिडिओ मिळत राहिले, शंका विचारायला मात्र कोणी उरले नाही. त्यानंतर मी एनपीटीईएलकडे वळले.

सात आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये हा उपक्रम सुरू केला आणि २०१४ पासून त्यात प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम आले. हे अभ्यासक्रम साधारणपणे ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. नावनोंदणी विनामूल्य असते, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क भरावे लागते. मी १,००० रुपये भरले. स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात, आणि प्रमाणपत्रासाठी अनुक्रमे १० आणि ३० गुण मिळवावे लागतात.

माझ्या मते या सेवेचे खरे मोल व्याख्यानांपेक्षा स्वाध्यायाच्या मुदतीत आहे. व्याख्याने उत्तम आहेतच. पण अभ्यासाची सवय सुटलेल्या माणसाला उत्तम व्याख्यानही पुढच्या रविवारवर ढकलता येते. येथे दर आठवड्याला नवा भाग खुला होतो आणि ठरलेल्या तारखेच्या आत स्वाध्याय सादर करावाच लागतो. दिवसभराचे तास, घरचा स्वयंपाक आणि दुसऱ्या दिवशीची तयारी आटोपल्यावर रात्री दहाला मी वही उघडत असे, ती केवळ त्या तारखेच्या धाकाने.

ग्रुप थिअरीच्या अभ्यासक्रमातील एक रात्र मला विशेष आठवते. अमोनियाच्या रेणूची सममिती मला पडद्यावरील आकृतीवरून काही केल्या समजेना. शेवटी व्याख्यान थांबवून मी एका बटाट्यात तीन काड्या टोचल्या, तो वरून पाहत १२० अंशांतून फिरवला, आणि प्रत्येक काडी नेमकी शेजारच्या काडीच्या जागी आलेली पाहिल्यावर तिहेरी अक्ष म्हणजे काय ते कळले. मग एकेका काडीतून जाणारी अशी तीन परावर्तन प्रतले मी बोटाने दाखवून मोजली. एम.एस्सी.च्या वेळी हे कॅरेक्टर टेबल, म्हणजे रेणूच्या सममितीचा गणिती तक्ता, मी निव्वळ पाठ केले होते. त्या रात्री ते पहिल्यांदा स्वतः मांडले.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. सीएसआयआर नेटच्या, म्हणजे विज्ञान विषयांसाठीच्या नेटच्या, रसायनशास्त्राच्या पत्रिकेत तीन तासांत १२० पैकी ७५ प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी २५ टक्के गुण कापले जातात. तो वेग या अभ्यासक्रमांतून येत नाही, कारण त्यांचा हेतूच वेगळा आहे. त्यासाठी मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावूनच सोडवाव्या लागतात. प्रयोगशाळेतील हातही घरबसल्या तयार होत नाही. तो मला कंपनीतल्या एचपीएलसी यंत्राने (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) दिला होता, आणि त्या चार वर्षांना वाया गेलेली वर्षे म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही.

नेटमध्ये मला फेलोशिपइतके गुण मिळाले नाहीत. परंतु २०२४ पासून केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरण्याचीही तरतूद झाली आहे, त्यात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. मी त्या गटातून पात्र ठरले. मुलाखतीत मधल्या वर्षांविषयी विचारणा झाली, तेव्हा मी फळ्यावर अमोनियाचा रेणू काढला आणि पुढची वीस मिनिटे प्रश्नोत्तरे त्याच्याभोवतीच चालली.

नोकरी सांभाळून परतणाऱ्यांनी एका सत्रात एकच अभ्यासक्रम घ्यावा, आणि तोही ज्या विषयाची सर्वाधिक भीती वाटते त्याचा. सत्रे जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात. येत्या सत्रासाठी मी स्पेक्ट्रोस्कोपीला नाव नोंदवले आहे.