सेंद्रिय शेतांवर पाच महिने स्वयंसेवक: वापरानंतरचा अनुभव

तीन शेतं, एकूण पाच महिने. पहिल्याच आठवड्यात मी गाजराची अख्खी ओळ उपटली होती, तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

गाजराचं बी उगवायला दोन-तीन आठवडेही घेतं. तोवर तण बोटभर वर आलेलं असतं. गाजराची रोपं सुरुवातीला दोऱ्यासारखी असतात, खाली बसून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. मी मात्र झपाट्याने खुरपत गेले आणि वीस-एक पावलांचा वाफा लख्ख केला. शेतमालकीणबाई आल्या, वाकून माती चाळली आणि म्हणाल्या, "तण छान निघालंय. गाजरंही."

आपण मदत करायला जातो, ही माझी समजूत त्या दिवशी गेली. पहिले दहा-बारा दिवस नवखा माणूस म्हणजे मदत नसते, वाढीव काम असतं. त्याला खुरपं धरायला शिकवायचं, वाफ्यात पाय कुठे द्यायचा नाही ते सांगायचं आणि त्याने केलेलं पुन्हा तपासायचं. बरेच यजमान दोन आठवड्यांपेक्षा कमी मुक्कामाला नकार देतात. आधी मला तो आडमुठेपणा वाटायचा.

दुसरा गैरसमज 'फुकट' या शब्दाचा. राहणं-जेवण मिळतं, त्याबदल्यात साधारण रोज चार ते सहा तास काम करायचं, पैसे कोणीच कोणाला द्यायचे नाहीत, अशी ही देवाणघेवाण आहे. म्हणजे खर्च आहेच, फक्त तो घामात मोजायचा. प्रवास, विमा, नेटवर्कचं सदस्यत्व हे वेगळंच. स्वयंसेवकांना सेंद्रिय शेतांशी जोडून देणाऱ्या 'वूफ' (WWOOF) या नेटवर्कमध्ये सदस्यत्व देशागणिक घ्यावं लागतं, हेही मला उशिरा कळलं.

या 'वूफ'ची गंमत अशी की लंडनमध्ये सेक्रेटरी असलेल्या स्यू कॉपर्ड यांनी १९७१ मध्ये ते सुरू केलं, तेव्हा बेत फक्त शनिवार-रविवारचा होता. नावातही 'वर्किंग वीकेंड्स' होतं. पुढे त्याचं 'विलिंग वर्कर्स' झालं आणि नंतर तो 'वर्कर्स' शब्दही गेला. कारण उघड आहे: 'वर्कर' म्हटलं की व्हिसा खात्याचे कान टवकारतात. पण नाव बदलल्याने कायदा बदलत नाही. पैसे घेत नाही म्हणजे पर्यटक व्हिसा चालेल, असं धरून निघणारे मला दोन भेटले. अनेक देशांत जेवण आणि निवारा हाही कामाचा मोबदलाच धरतात. न्यूझीलंडमध्ये तर अशा मुक्कामाला कामाचा व्हिसा लागतो. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघा. यजमान "चालतं हो" म्हणाला, एवढ्यावर जाऊ नका.

दुसऱ्या शेताबद्दल थोडक्यात लिहिते, कारण अजून राग येतो. ठरले होते पाच तास, प्रत्यक्षात आठ-नऊ. काम एकच, बाजारात जाणाऱ्या मालाची तोडणी आणि पेट्या भरणं. शिकवायला कोणी नाही. पगारी मजुराच्या जागी आम्हाला उभं केलं होतं, याला स्वयंसेवा म्हणत नाहीत. दहाव्या दिवशी सरळ सांगून निघाले. चूक माझीही होती. तास, सुट्टीचा दिवस, झोपायची जागा आणि कामाचं स्वरूप यातलं काहीच मी लेखी विचारलं नव्हतं.

तिसरं शेत मात्र भरपाई करून गेलं. 'सेंद्रिय म्हणजे काहीच फवारत नाहीत' हा समज तिथे गेला. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, गंधक, अळ्यांसाठी जिवाणूजन्य कीटकनाशक, हे सगळं प्रमाणित सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालतं. फवारणीला हातमोजे आणि चष्मा तिथेही लागतोच. प्रमाणपत्रही एका दिवसात मिळत नाही. युरोपीय संघात हंगामी पिकांसाठी पेरणीआधी दोन वर्षं आणि फळझाडांसाठी तोडणीआधी तीन वर्षं रूपांतराचा, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याचा, काळ धरतात. आणि यजमानाकडे प्रमाणपत्र असेलच असंही नाही. पद्धत सेंद्रिय, पण कागद नाही, अशी शेतं पुष्कळ.

सगळ्यात जास्त शिकले कंपोस्टच्या ढिगाशी. कचरा टाकला की आपोआप खत होतं असं वाटायचं. मालक रोज सकाळी लांब दांड्याचा तापमापक ढिगात खुपसायचे. ५५ ते ६५ अंश म्हणजे ठीक, तणाचं बी आणि रोगजंतू मरतात. त्याहून वर गेलं की ढीग पालटायचा. अमोनियाचा भपका आला तर ओला हिरवा माल जास्त झाला, कोरडा पेंढा घाला. ढीग थंडच राहिला तर पाणी कमी किंवा हवा कमी. आठवडाभरात मी वासावरून अंदाज बांधायला लागले. हे कोणी वर्ग घेऊन शिकवलं नाही. मी रोज मागे लागून विचारलं, तेव्हा कळलं. न विचारणारा मुलगा माझ्याच सोबत होता, तो महिनाभर फक्त पेंढा ओढून गेला.

पावसात सुट्टी असते, हीही भाबडी आशा. वापसा येईपर्यंत, म्हणजे माती काम करण्याजोगी सुकेपर्यंत, वाफ्यात शिरायचं नाही हे खरं, ओली माती पायाखाली दाबून घट्ट होते. पण तेव्हा ट्रे धुणं, बी निवडणं, अवजारांना धार लावणं निघतंच. आणि शेतावर शांतता असते म्हणणाऱ्याने पहाटे चारला कोंबडा ऐकावा.

जाण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा, दहा वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्या. प्रवास विम्यात अंगमेहनतीचं काम आणि यंत्रं वगळलेली असू शकतात, ते कलम वाचा. बूट आधी वापरून सैल केलेले हवेत, मी नवे कोरे नेले आणि चार दिवस लंगडले.

पुढच्या हंगामात पहिल्याच शेतावर परत जातेय, सहा आठवड्यांसाठी. बाईंनी हो म्हटलंय, फक्त गाजराच्या वाफ्यात पहिले दोन आठवडे एकटीला सोडणार नाही म्हणाल्या.