हातावर रॅश आलीये? गजकर्ण, इसब, खरूज की पित्त, आधी ते ओळखा मग ट्यूब घ्या

मागच्या जूनमध्ये माझ्या डाव्या दंडावर रुपयाएवढा लाल चट्टा आला, खाज अशी की मीटिंगमध्ये टेबलाखाली हात घालून खाजवत बसायचो, आणि मी तेच केलं जे आपण सगळे करतो, मेडिकलमध्ये जाऊन बाही वर करून दाखवलं आणि त्याने दिली ती ट्यूब घेऊन आलो. दोन दिवसांत खाज बंद! खूश. ट्यूब संपली आणि आठवड्याभरात चट्टा बशीएवढा, वर शेजारी दोन पिल्लं. स्किनच्या डॉक्टर मॅडमनी चट्टा बघायच्या आधी ट्यूबचं खोकं मागितलं, त्यावरचं बारीक अक्षर मला वाचायला लावलं: क्लोबेटासॉल, म्हणजे एकदम स्ट्राँग स्टिरॉइड, सोबत बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्ही एकात.

तर खरा घोळ इथेच आहे. गजकर्ण (काहीजण नायटा म्हणतात) आणि इसब, दोन्ही लाल, दोन्ही खाजरे, पण औषध बरोब्बर उलटं. इसबावर डॉक्टर स्टिरॉइड देतात आणि ते योग्यच आहे, तेच गजकर्णावर लावलं की सूज उतरते म्हणून बरं वाटतं पण आत बुरशीला रान मोकळं.

ओळखायचं कसं? उजेडात हात तिरका धरून बघा. गजकर्णाची कड उठलेली असते, बारीक पुटकुळ्यांची किंवा कोंड्यासारखी सालं सुटणारी, आणि मधला भाग त्यामानाने साफ, म्हणून ते कडं दिसतं. इसबाला अशी कड नसते, चट्टा कुठे संपला तेच कळत नाही, कातडी कोरडी, जाड, कोपराच्या खळीत जास्त, आणि बऱ्याचदा लहानपणापासून येऊन जाऊन असतं किंवा घरात कुणाला दमा, सर्दीची अ‍ॅलर्जी असते. फक्त एक गोची, आधीच स्टिरॉइड लावून झालं असेल तर गजकर्णाची कडही पुसट होते आणि मग डॉक्टरलाही खरवडून तपासावं लागतं.

गजकर्णाला साधी क्लोट्रिमॅझोलची क्रीम, दिवसातून दोनदा, कडेच्या बाहेर दोन बोटं जास्त लावायची आणि चट्टा गेल्यावरही एक-दोन आठवडे चालू ठेवायची, इथेच सगळे कंटाळतात. टॉवेल वेगळा. चट्टे बरेच असतील किंवा परत परत येत असतील तर ट्यूबवर भागत नाही, गोळ्या लागतात, आणि हल्ली आपल्याकडची बुरशी हट्टी झालीये, 2020 मध्ये तर एका प्रकाराला नावच ट्रायकोफायटॉन इंडोटिनी दिलं, टर्बिनाफिन या बुरशीच्या नेहमीच्या औषधाला दाद न देण्यासाठी ती बदनाम आहे. इसबाला मात्र निम्मं काम मॉइश्चरायझर करतं, अंघोळ झाल्या झाल्या अंग ओलसर असतानाच थापायचं, गरम पाणी आणि घासणी बंद.

खरूज ओळखायला हात नाही, घड्याळ बघा 😄 रात्री पांघरुणात शिरलं की खाज पेटते, बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर बारीक पुरळ, आणि घरात अजून कुणीतरी खाजवत असतं. पाच टक्के परमेथ्रिनची क्रीम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत रात्री लावून सकाळी धुवायचं, आठवड्याने परत, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज नसलेल्यांनीसुद्धा. तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर आधी विचारून. खरूज करणारे कातडीतले बारीक किडे मेल्यावरही खाज दोन-तीन आठवडे राहू शकते, म्हणून रोज रोज लावत बसू नका.

पित्त सगळ्यात सोपं. गांध्या उठतात आणि एक गांधी चोवीस तासांच्या आत त्या जागेवरून जाते, मग दुसरीकडे उठते. आजी आमसुलाचं पाणी चोळायची, गार वाटतं हे खरं, पण काम सेटिरिझीनसारखी अ‍ॅलर्जीची गोळी करते. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर मात्र गोळीची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

घामोळ्यांना पंखा आणि सुती बाही पुरते. घड्याळाच्या पट्ट्याखाली किंवा बांगडीच्या रेषेतच रॅश असेल तर ती वस्तू काढून दोन आठवडे बघा. आणि बाहीच्या खालचा उघडा भाग, मान, चेहरा एवढंच पेटत असेल तर शेताच्या बांधावरचं गाजर गवत आठवा, पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेला आलेलं हे गवत उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्या घालाच.

चट्टा फिकट किंवा लालसर आहे, खाजत अजिबात नाही आणि तिथे स्पर्श कमी कळतो, तर क्रीम-बिम काही नको, सरळ सरकारी दवाखाना. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषध तिथे फुकट आहे आणि लवकर गेलं तर बोटं वाचतात.

माझ्या मते घरी ठेवायला कॅलामाइन, साधं मॉइश्चरायझर आणि सेटिरिझीन, बास. थ्री-इन-वन ट्यूब नाही म्हणजे नाही, बऱ्याच स्टिरॉइड क्रीम 2018 पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नाहीत, तरी मिळतात. माझा चट्टा जायला पुढे दोन महिने गोळ्या खाव्या लागल्या. आणि डॉक्टरकडे जाताना आधी लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, लाज वाटली तरी.