हॉकी विश्वचषकाचे पूर्ण सामने : एका क्रीडा-अ‍ॅपचा महिनाभराचा अनुभव

जानेवारी २०२३ मध्ये भुवनेश्वर व राउरकेला येथे झालेल्या पुरुषांच्या हॉकी विश्वचषकातील सामने अथपासून इतिपर्यंत पाहता यावेत, एवढ्याच हेतूने मी एका क्रीडा-अ‍ॅपची महिन्याची वर्गणी भरली. जर्मनी आणि बेल्जियम अंतिम फेरीत कसे पोहोचले, हे त्या वेळी बातम्यांतून तुकड्यातुकड्याने कळले होते. सलग पाहताना त्याची खरी गोडी कळते.

दोघे एकाच गटात होते. आपसातला सामना २-२ असा सुटला, गुणही प्रत्येकी सात झाले. मात्र गोलफरकाच्या जोरावर बेल्जियम थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि जर्मनीला फ्रान्सविरुद्ध क्रॉसओव्हरचा, म्हणजे गटात दुसऱ्या-तिसऱ्या आलेल्या संघांना उपांत्यपूर्व फेरी गाठण्यासाठी खेळावा लागणारा, जादा सामना खेळावा लागला. तो ५-१ असा एकतर्फी झाल्यामुळे घाई असल्यास वगळायला हरकत नाही.

इंग्लंडविरुद्धची उपांत्यपूर्व लढत मात्र एक मिनिटही पुढे न सरकवता पाहावी. दोन गोलांनी मागे असलेल्या जर्मनीसाठी शेवटच्या तीन मिनिटांत माट्स व टॉम या ग्रामबुश बंधूंनी एकेक गोल करून बरोबरी साधली, आणि शूटआउट, म्हणजे बरोबरीनंतर एकेका खेळाडूने गोलरक्षकासमोर आळीपाळीने गोल करण्याची निर्णायक फेरी, जर्मनीने जिंकले. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यातही मध्यंतराला ०-२ हीच पिछाडी होती. पूर्वी अर्जेंटिनाकडून ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेल्या गोन्झालो पेलातने तीन गोल केले, आणि खेळ संपायला काही सेकंद उरले असताना निकलास वेलनने ४-३ असा निकाल लावला. संक्षिप्त चित्रफितीत हे सारे निव्वळ नशीब वाटते. पूर्ण सामन्यात, मागे पडूनही जर्मनांनी आपल्या चाली सोडल्या नव्हत्या, हे दिसते.

गतविजेत्या बेल्जियमचा प्रवास त्या मानाने शांत होता. उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडवर २-० असा विजय मिळाला. उपांत्य सामन्यात नेदरलँड्सने मात्र दोनदा आघाडी घेतली, दोन्ही वेळा बेल्जियमने ती पुसली आणि अखेर शूटआउटमध्ये बाजी मारली.

अ‍ॅपवरील चित्र स्वच्छ आहे, पेनल्टी कॉर्नर संथ गतीने पुन्हा पाहता येतो, आणि समालोचन केवळ इंग्रजीत असले तरी मला त्याची फारशी अडचण झाली नाही. माझी तक्रार निराळी आहे. सामन्याच्या नावाखालीच अंतिम गोलसंख्या छापलेली असते, ती झाकण्याची सोय नाही. शिवाय शूटआउट झालेल्या सामन्याचे रेकॉर्डिंग लांब असल्याने, पडद्याच्या तळाशी दिसणारी रेकॉर्डिंगची एकूण वेळ पाहूनच चाणाक्ष प्रेक्षक काय ते ओळखतो. अंतिम सामना ३-३ असा सुटून जर्मनीने शूटआउट ५-४ असे जिंकले, हे मला ठाऊकच होते, पण शेजारी बसलेल्या मुलाला नव्हते. त्यामुळे टीव्हीच्या खालच्या कडेला मी जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा चिकटवला आणि तो शूटआउटमधला शेवटचा प्रयत्न होईपर्यंत काढला नाही.