घोडेगावच्या बाजारातली भाड्याची गाडी: दोन गाईंना पिकअप चांगली, तिसरी चढवली की बाद

शुक्रवारी नेवासे तालुक्यातल्या घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात सौदा तुटतो आणि पैसे मोजून व्हायच्या आत गाडीवाला शेजारी हजर असतो. "कुठं जायचं? किती नग?" गाईची कास, सड, दात, चाल बघण्यात दोन तास घालवलेला शेतकरी गाडीकडे मात्र वळूनही बघत नाही. म्हणून हा रिव्ह्यू गाईंचा नाही, बाजाराच्या कडेला रांगेत उभ्या असणाऱ्या भाड्याच्या गाड्यांचा आहे. त्यातही मुख्यतः पिकअपचा, कारण एक-दोन गाई नेणारे बहुतेक जण तीच ठरवतात.

आधी हौद्याचं, म्हणजे जनावरं उभी राहतात त्या मागच्या भागाचं, माप. नऊ फुटी पिकअपला रुंदी साडेपाच फुटांच्या आसपास मिळते, म्हणजे साधारण ५० चौरस फूट. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आणि मोटार वाहन नियमांत २०१५ साली आलेला नियम १२५-ई, दोन्हीकडे गाय-म्हशीला किमान २ चौरस मीटर जागा सांगितली आहे. २ चौरस मीटर म्हणजे साडेएकवीस चौरस फूट. ५० भागिले साडेएकवीस, उत्तर दोन. वजनाचं गणितही तिथंच येतं. भरल्या अंगाची एचएफ (होल्स्टीन जातीची दुभती गाय) ४५० ते ५५० किलोची, म्हणजे दोन गाईंचा एक टन. त्यात दोन माणसं, चारा, पाणी आणि तळाला टाकलेली वाळू धरली की दीड टनी गाडी जवळपास भरली.

गाडीवाला तरी तिसरी घ्या म्हणतोच. भाडं खेपेवर ठरतं, नगावर नाही, त्यामुळे तिसरी गाय फुकट जातेय असं वाटतं. त्याचा ठरलेला युक्तिवाद असा: "गच्च भरली की एकमेकींच्या आधारानं उभ्या राहतात, पडत नाहीत." हे अर्धंच खरं आहे. साडेपाच फुटांत तीन गाई म्हणजे प्रत्येकीला पावणेदोन-दोन फूट. गाय चालत्या गाडीत पाय फाकवून, पुढं-मागं पाऊल टाकून तोल सांभाळते. इथं पाऊल टाकायलाच जागा नसते. वळणावर एक जरी बसली तरी तिला उठता येत नाही, दुसऱ्या दोघींचे खूर तिच्या कासेवर आणि सडांवर पडतात. एका कुशीवर दाबून राहिली तर पोट फुगतं आणि श्वास कोंडतो. खाली उतरवताना सड चिरडलेली गाय म्हणजे भाड्यात वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट खड्डा. दोन गाईंना पिकअपला पाचपैकी चार गुण, तीन गाईंना शून्य.

पाचातला एक गुण कापला तो तळासाठी, आणि आमच्या मते गाडीच्या कंपनीपेक्षा, मॉडेलपेक्षा तळ महत्त्वाचा. पिकअपचा तळ पत्र्याचा असतो. त्यावर शेण-मूत पडलं की अर्ध्या तासात साबणासारखा होतो. मागचे पाय दोन्हीकडे फाकले की मांडीच्या आतले स्नायू तुटतात, नस दुखावते, आणि गाय परत उभी राहीलच असं नाही. गाडीवाले बहुधा नुसतं उसाचं पाचट टाकतात. पाचट दिसायला छान, पण ओलं झालं की पत्र्यावरून गालिच्यासारखं सरकतं. गोठ्यातली रबर मॅट चांगली, पण ती नुसती अंथरलेली नको, कडेनं लोखंडी पट्टी मारून बोल्टनं आवळलेली हवी. सुटी मॅट पहिल्याच ब्रेकला पुढं गोळा होते. मॅट नसेल तर एक इंच वाळू आणि वर पाचट. दोन इंच वाळू टाकू नका: या हौद्यात एक इंच वाळू सुमारे १९० किलो भरते, दोन इंच म्हणजे जवळजवळ एका वाढत्या कालवडीचं वजन. वाळू ओलसर असावी. कोरडी उडून डोळ्यांत जाते. काही गाड्यांना तळाला फूटभर अंतरावर आडव्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. खुराला पकड मिळते, पण पट्टीची धार घासलेली आहे का ते हात फिरवून बघा.

बाजूच्या फळ्या मुळात बुटक्या असतात. वर जनावराच्या पाठीपेक्षा उंच पाइपची फ्रेम हवी आणि आतून गोणपाट बांधलेलं हवं. तारेचं टोक, उघडा बोल्ट, तुटकी कडी, हे सगळं गाय चढवायच्या आधी बघायचं.

चढवणं-उतरवणं ही या सेवेची सगळ्यात कच्ची बाजू. बाजारात धक्का, म्हणजे गाडीच्या उंचीचा ओटा, मिळतो, त्यामुळे चढवताना फारसा त्रास नाही. प्रश्न येतो घरी. अंगणात धक्का नसतो, फाळका (हौद्याची मागची झडप) पाडतात आणि गाईला ढकलतात. तीन फुटांवरून उडी मारलेल्या पाच क्विंटलच्या जनावराचे पुढचे गुडघे फुटतात, कधी कास फाळक्याच्या कडेला घासते. हौद्याची उंची तीन फूट असेल तर उतार निदान नऊ फूट लांब पाहिजे. तेवढी फळी कोणी गाडीत ठेवत नाही. म्हणून निघायच्या आधीच घरी फोन करून बांधाला किंवा मुरमाच्या ढिगाला गाडी मागं लागेल अशी जागा करून घ्यायला सांगा. फाळका आणि माती यांच्यात चार बोटांची फट राहिली तरी खूर अडकतो. तिथं पाचटाचं पोतं कोंबा.

बांधायचं म्होरकीला (तोंडाभोवतीच्या दोरीला), वेसणीला कधीही नाही. ब्रेक लागला की नाकपुडी फाटते. तोंड इंजिनाकडे, गाठ ओढली की सुटणारी, सरकफास नको. कासरा इतका लांब की मान खाली-वर करता यावी, पण पाय त्यात अडकू नये. वासरू सोबत असेल तर मध्ये फळी घालून वेगळं. "आईपाशीच राहू द्या" हा सल्ला प्रेमळ असला तरी गाडीत आईच त्याच्यावर पाय देते.

बाजारातली एक जुनी खोड इथं महागात पडते. कास मोठी दिसावी म्हणून विकणारा सकाळची धार काढत नाही. तशीच तुंबलेली कास घेऊन पाच-सहा तास हादरे खाल्ले की दगडी (कास सुजून कडक होण्याचा आजार) झालीच समजा. सौदा झाल्यावर, गाडीत चढवायच्या आधी, धार काढून घ्या. दुसरी खोड म्हणजे "कालच व्यायली, चीक बघा." व्यायल्यापासून ७२ तासांच्या आतली किंवा वाटेत व्यायला येईल अशी गाय न्यायला नियमातच मनाई आहे, आणि कारण साधं आहे: ताज्या वेताच्या दुभत्या गाईचं कॅल्शियम उपाशी प्रवासात घसरतं आणि ती घरी पोचल्यावर बसते. निघायच्या आधी कडबा आणि पोटभर पाणी द्यावं, पेंड-खुराक नको. पोचल्यावर गूळ-मिठाचं पाणी थोडं थोडं, मग सुका चारा. खुराक दुसऱ्या दिवसापासून हळूहळू.

ड्रायव्हरबद्दल. कांद्याच्या गोण्या वाहणारा ड्रायव्हर चांगला असतो, पण गोणी वळणावर झुकत नाही. गाय झुकते आणि सगळं वजन वरच्या बाजूला असतं. ४० ते ५० चा वेग, ब्रेक आधीपासून हलका, घाटात खालच्या गिअरला. कुंभार्ली घाटानं चिपळूणकडे उतरायचं असेल तर रात्रीचा ड्रायव्हर ताजा हवा, बाजारात पहाटेपासून उभा असलेला नको. पहिले १५-२० किलोमीटर झाले की थांबून आत बघायचं, नंतर दर दोन-अडीच तासांनी. उन्हाळ्यात संध्याकाळी निघावं. एचएफला ऊन सोसत नाही, आणि उभ्या गाडीत वारा बंद झाला की चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतं. जेवणासाठी ढाब्यावर तासभर थांबणाऱ्याचा गुण कापा. ताडपत्री फक्त डोक्यावर, बाजू मोकळ्या.

कागदांच्या बाबतीत गाडीवाले बेफिकीर असतात, म्हणून ते आपणच बघायचे. कानातल्या टॅगचा १२ आकडी नंबर बाजार पावतीवर तोच आहे ना, एकेक आकडा वाचून बघा. राज्यात जून २०२४ पासून टॅगशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक दोन्ही बंद आहे. पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला, पावती, घेणाऱ्याचा-देणाऱ्याचा पत्ता, दूध संस्थेचं पुस्तक, सगळ्याचे दोन संच, एक गाडीत आणि एक आपल्या खिशात. एखादा आकडा चुकला तर रात्री गाडी अडवली जाते, चौकशी लांबते आणि तेवढा वेळ गाई हौद्यात उभ्या राहतात. १२५-ई प्रमाणे कायमचे कप्पे आणि आरटीओची वेगळी मंजुरीही लागते. रांगेतल्या गाड्यांत अशी शोधूनच काढावी लागेल. मिळाली तर भाडं थोडं जास्त असलं तरी तीच घ्या.

बाकीच्या गाड्या थोडक्यात. छोटा हत्ती: सात बाय पाच फुटांत एक गाय कागदावर बसते, पण गाडी हलकी आणि गाय उंच, वळणावर डोलते. शेळ्यांना ठीक, एका शेळीला ०.३ चौरस मीटर धरून दहा. चौदा फुटी, साडेसहा रुंदीची: चार गाई, साडेतीन गुण. हेडे लोक (जनावरांचे व्यापारी) त्यात सहा-सात आडव्या कोंबतात, तेव्हा माना वाकड्या होतात. वीस फुटी मोठी गाडी: सहा गाई. एका मालगाडीत सहापेक्षा जास्त गुरं नकोत असं नियमच सांगतो, शिवाय सोबत एक माणूस पाहिजे. दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून ही ठरवली तर नगामागे भाडं पिकअपइतकंच पडतं आणि पाठीमागून हादरेही कमी.

गाडी ठरवताना भाडं येता-जाताचं आहे का, टोल कोणाचा, हे आधी बोला. आणि हौदा धुतलेला आहे का? आदल्या दिवशी त्यात कुठली जनावरं होती ते कोणी सांगत नाही. लाळ्या खुरकुताच्या भीतीनं शेण खरवडून, पाण्यानं धुऊन मग १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून हौदा पुसून घ्यायला अर्धा तास लागतो. ड्रायव्हर कुरकुर करेल. त्याला चहाला पाठवा आणि बादली आपण उचला.