त्यानं डिश फिरवलीच नाही

आमच्या घरातला टीव्ही खरं तर आत्यांचा. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. सकाळी अभंग, दुपारी जेवताना जुना सिनेमा, सात वाजल्यापासून मालिका. मुलगा सगळं मोबाइलवर बघतो, नवरा रात्री बातम्यांपुरता डोकावतो आणि मी मशीनवर ब्लाउज शिवता शिवता नुसती ऐकते. एवढ्यासाठी महिन्याला चारशेच्या आसपास जायला लागले. २०१९ मध्ये वाहिन्या आपापल्या निवडून घ्यायची पद्धत आली तेव्हा वाटलं होतं, आता खर्च कमी होईल. पण एकही पेड वाहिनी घ्यायच्या आधीच नेटवर्क फी १३० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे गेलेच. मग आत्यांची एक मालिका या वाहिनीवर, दुसरी त्या वाहिनीवर, आणि आकडा परत होता तिथं.

शेवटी मी रिचार्ज करणंच थांबवलं. डिश बंद करायची म्हणजे वेगळं काही करावं लागत नाही, पैसे टाकले नाहीत की दुसऱ्या दिवशी पडदा निळा होतो. गच्चीवरची छत्री तशीच, भिंतीतून आलेली काळी वायर तशीच, बॉक्स टीव्हीखाली धूळ खात. माहेरी भावाकडे दूरदर्शनची फ्री डिश आहे. महिन्याचा एक रुपया नाही, हे मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. छत्री आहेच तर तीच वापरून फुकट टीव्ही लावता येईल, एवढं मला माहीत होतं. तेवढंच माहीत होतं, आणि तिथंच मी सापडले.

पडदा निळा होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. दुपारी अडीचच्या सुमारास मोटारसायकलवरून एक माणूस आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र. ते ओळखपत्र सबंध वेळ उलटंच राहिलं, हे मला नंतर आठवलं. दारातूनच म्हणाला, "ताई, डिश बंद दिसतेय. सरकारी फ्री डिशमध्ये बदलून घ्यायची का? गल्लीत तिघांनी घेतलीय." त्याला कसं कळलं कोण जाणे. आमच्याकडे कुणाचा टीव्ही बंद आहे हे कळायला फार हुशारी लागत नाही म्हणा, संध्याकाळी आत्या शेजारच्या ओट्यावर दिसल्या की अख्ख्या आळीला कळतं.

आत्यांना तो पहिल्या मिनिटापासून "मावशी" म्हणायला लागला. पाणी मागितलं, गुडघे कसे आहेत विचारलं. मग सॅकमधून एक बॉक्स काढला. तो आमच्या जुन्या बॉक्ससारखाच, त्याच कंपनीचा, रिमोटही तोच. मी म्हटलं, "हा तर कंपनीचाच आहे." तो म्हणाला, "बॉक्स कंपनीचाच असतो ताई, आतलं कार्ड सरकारी. लाइफटाइम कार्ड. तुमच्या बॉक्समध्ये ते चालत नाही, जुनं मॉडेल आहे. तो मला द्या, त्याचे चारशे कमी करतो." सव्वीसशेमधून चारशे वजा, बावीसशे. त्यात म्हणे "सरकारी नोंदणी" आली. एकदा भरले की जन्मभर पैसे नाहीत.

त्यानं आमची वायर आमच्या बॉक्समधून काढून त्याच्या बॉक्सला फिरवून बसवली, टीव्ही लावला, आणि आत्यांची मालिका सुरू झाली. दोन मिनिटांत. स्पोर्ट्ससुद्धा, सिनेमाच्या वाहिन्याही. आत्यांचा चेहरा असा खुलला की मी कपाटातून पैसे काढून आणले. गूगल पे करते म्हटलं तर म्हणाला, "सरकारी नोंदणी रोखच लागते." पावती मात्र दिली. वर तीन सिंहांची मुद्रा, खाली "सत्यमेव जयते", आणि ठळक अक्षरात "प्रसार भरती". दूरदर्शन चालवणारी संस्था प्रसार भारती, आणि इथं भरती! जणू पोलीस भरतीचा अर्ज. मी ब्लाउजच्या मापात अर्धा इंच चुकला तर लांबून ओळखते, पण हा गेलेला काना मला महिनाभर दिसला नाही.

जाताना दारात वळून म्हणाला, "महिन्याभरानं स्क्रीनवर रिचार्जचा मेसेज येईल. कंपनी मुद्दाम टाकते, घाबरवायला. लक्ष देऊ नका." चोरानं स्वतःच सांगून ठेवलं होतं की चोरी कधी उघडी पडणार आहे. मला वाटलं, किती प्रामाणिक माणूस.

सहाव्या दिवशी माझ्या मोबाइलवर एक एसएमएस आला. तुमच्या खात्यावर रिचार्ज यशस्वी झाला, धन्यवाद. मी रिचार्ज केलाच नव्हता. चुकून कुणाचा तरी नंबर लागला असेल म्हणून सोडून दिलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी टीव्हीवर मेसेज आला. आत्यांनी विचारलं, मी म्हटलं, लक्ष देऊ नका. तिसाव्या दिवशी साडेसातला, मालिकेत ऐन लग्न लागायच्या वेळी पडदा निळा झाला. पावतीवरचा नंबर लावला, तो अस्तित्वात नव्हता. मग बॉक्सच्या मागच्या नंबरावरून कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, या आयडीवर महिन्याभराचा पॅक होता, तो संपलाय. पण हे खाते तुमच्या मोबाइल नंबरवर नाहीये." कुणाच्या नंबरवर आहे ते अर्थातच सांगितलं नाही. लाइफटाइम कार्ड, सरकारी कार्ड, मी काय काय विचारलं. ती बिचारी गप्पच झाली.

दुसऱ्या दिवशी कराडला गेले, बाजारपेठेत एक डिशवाले आहेत. वय साठीच्या पुढं, दुकानात जुने एलएनबी, म्हणजे छत्रीच्या पुढं असतात ते सिग्नल पकडणारे डबे, टोपलीत कांद्यासारखे भरलेले. मी सगळी कहाणी सांगितली. पावती त्यांनी हातातही घेतली नाही. एकच विचारलं, "ताई, त्यानं डिश फिरवली का?"

नाही. तो गच्चीवर गेलाच नव्हता.

"मग फ्री डिश कसली? तुमच्या कंपनीचाच सिग्नल, तुमच्या कंपनीचाच बॉक्स, कुणाचा तरी. त्याच्यावर एक महिन्याचा रिचार्ज मारला आणि बावीसशे घेऊन गेला."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. फ्री डिश प्रसार भारतीची आहे, डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झालेली. तिच्या वाहिन्या येतात जीसॅट-१५ या उपग्रहावरून, आणि तो आहे ९३.५ अंश पूर्वेला, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर. पैसे घेणाऱ्या कंपन्यांचे उपग्रह वेगळ्या जागी, कुणाचा ८३ अंशावर, कुणाचा ८८, कुणाचा ९५, कुणाचा १०८.२. छत्री एका वेळी एकाच उपग्रहाकडे बघते. त्यामुळं कंपनीची छत्री फ्री डिशला वापरायची तर ती हलवावीच लागते. ९५ वाल्याची अगदी नखभर, बाकीच्यांची चांगली दिसेल इतकी. एक कंपनी मात्र जीसॅट-१५ वरूनच दाखवते, त्यांच्या गिऱ्हाइकाला छत्रीला हात लावायला नको. "पण तुमची ती नव्हे," ते म्हणाले.

छत्री, एलएनबी, वायर चालते. बॉक्स चालत नाही, कारण कंपनीचा बॉक्स आपल्याच कंपनीच्या सिग्नलला बांधलेला. फ्री डिशचा बॉक्स वेगळा घ्यावा लागतो, एकदाच. एमपेग-४ या नव्या चित्रपद्धतीचा घेतला तर जास्त वाहिन्या दिसतात. काही नव्या टीव्हींत ट्यूनर, म्हणजे बॉक्सचं काम करणारा भाग, आतच असतो, त्यांना वायर सरळ मागं लावता येते. नोंदणी नाही, मासिक भाडं नाही, लाइफटाइम कार्ड नावाची वस्तूच नाही.

"आणि आत्यांच्या मालिका?" मी विचारलं. ते हसले. फ्री डिशवर खाजगी वाहिनीला जागा हवी असेल तर ती लिलावात बोली लावून प्रसार भारतीला पैसे भरते, जाहिरातींवर ते वसूल करते. म्हणून बघणाऱ्याला फुकट. ज्या वाहिनीला आपल्याकडून महिन्याचे पैसे मिळतात ती तिथं कशाला येईल? आणि आलेलीही कायम राहील असं नाही. स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते, सोनी पल या फ्री डिशवर चांगल्या चालणाऱ्या वाहिन्या, २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या मालकांनी काढून घेतल्या होत्या. सगळ्या पेड वाहिन्या फुकट आणि जन्मभर, असं कुणी दाखवलं की ते दाखवणंच खोटं.

बॉक्सची अदलाबदल कशाला, हे मला एसटीत बसल्यावर उमगलं. आमच्याच बॉक्सवर रिचार्ज मारला असता तर त्याच मिनिटाला माझ्या मोबाइलवर एसएमएस आला असता, अमुक रुपये, अमुक तारखेपर्यंत. म्हणून आमच्या घरात दुसऱ्याचा बॉक्स. आणि आमचा? तो सहाव्या दिवशीचा एसएमएस मी पुन्हा काढून बघितला. खाली आयडी होता. आमचाच.

म्हणजे आमचा बॉक्स कुठल्या तरी घरात लाइफटाइम कार्ड म्हणून बसला होता.

पोलीस चौकीत अर्ज दिला. हवालदारांनी एसएमएस बघितला, पावती बघून हसले, गाडीचा नंबर विचारला. तो मी बघितलाच नव्हता. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावला, तर विक्रेत्याचं नाव, पत्ता, दुकान काय सांगायचं? रोख दिले होते, त्यामुळं सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, सांगण्यासारखा बँकेचा व्यवहारही नाही. तो रोखच का मागत होता ते तेव्हा लक्षात आलं. गल्लीतल्या "तिघांनी घेतलीय" मधला एकच खरा निघाला, तेही आमच्यानंतर, आणि आमचं नाव सांगून. त्या काकूंच्या डोळ्याला डोळा द्यायला मला अजून जड जातं.

आठवड्यानं डिशवाले स्वतः आले. बॉक्सचे अकराशे, बसवायचे तीनशे. छत्रीचे नट गंजून बसले होते, खोबरेल सोडून पाना लावला तेव्हा कुठं सुटले. एलएनबीची टोपी उन्हानं तडकलेली, वायरच्या टोकाला हिरवट गंज, ते टोक कापून नवा कनेक्टर लावला. मग सिग्नल मोजणारा छोटा मीटर मध्ये जोडून त्यांनी छत्री दक्षिणेकडून पूर्वेकडं सरकवायला सुरुवात केली. अगदी हळू, दाराची कडी वाजू नये म्हणून सरकवतो तशी. थोडी खाली झुकवली. मीटर गप्प. परत मागं, परत पुढं. शेवटी कळलं की नव्या दिशेला काकूंच्या शेवग्याची फांदी आडवी येतेय. फांदी तोडायची परवानगी मागायला मीच गेले. काकूंनी "हूं" एवढंच म्हटलं, पण विळा दिला. फांदी पडली आणि मीटर किणकिणायला लागला. एलएनबी चिमटीत धरून जराशी पिळली, आवाज वाढला, नट आवळले. त्याच दिवशी त्यांनी काकूंचीही छत्री फिरवून दिली, मजुरी न घेता.

पहिलं चित्र आलं सह्याद्रीचं. आत्यांना बरं वाटलं, पण मालिका नाहीत म्हणून दोन दिवस त्या माझ्याशी तुटक बोलत होत्या. आता दुपारचे जुने सिनेमे त्यांना आवडायला लागलेत. मधूनच एखादी वाहिनी गायब होते, मग रिमोटवरून पुन्हा स्कॅन करावं लागतं. ते मुलानं आजीला शिकवलंय. पाऊस जोरात आला की चित्राचे तुकडे होतात, ते पैसे भरायचो तेव्हाही व्हायचे.

शेवग्याच्या त्या फांदीला सतरा शेंगा होत्या. निम्म्या काकूंना दिल्या.

परवा रात्री ब्लाउजला हूक लावत बसले होते, मोबाइल वाजला. तुमचा पॅक उद्या संपत आहे, अखंड मनोरंजनासाठी आजच रिचार्ज करा. आयडी आमचाच. मी लगेच कस्टमर केअरला फोन लावून विचारलं, हा बॉक्स आत्ता कुठं चालू आहे ते सांगता येईल का? नाही म्हणाले. मेसेज त्या घरातल्या टीव्हीवरही आला असेल, आणि तिथल्या कुणी तरी म्हटलं असेल, लक्ष देऊ नका.