त्र्यंबकला मुक्काम आणि हाताशी एकच दिवस: अंजनेरी, ब्रह्मगिरी की हरिहर?

त्र्यंबकेश्वरला रात्रीचा मुक्काम आहे, दर्शन झालेलं आहे आणि परतीआधी एक डोंगर करायचा आहे, असं म्हटलं की हीच तीन नावं पुढे येतात. उंचीचे आकडे पाहून निवड करू नका. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी दोन्ही साधारण १३०० मीटरचे, तर हरिहर ११२० मीटरच्या आसपास, म्हणजे तिघांत बुटका. तरी माणसं सर्वांत जास्त अडकतात ती हरिहरवरच. अंजनेरी दमवते, ब्रह्मगिरी गुडघ्यांवर येतो आणि हरिहरला छाती लागते. आपल्या गटातला सर्वांत कच्चा गडी या तिन्हींपैकी कशापुढे आधी हात टेकेल, एवढं ओळखलं की निम्मा निर्णय झाला.

गाडी नसेल तर फार विचार करायला नको, ब्रह्मगिरी. वाट गावातूनच सुरू होते. त्र्यंबक गाव ७२० मीटरच्या आसपास असल्याने चढाई साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर भरते आणि तिचा बराचसा भाग बांधीव किंवा खडकात खोदलेल्या पायऱ्यांचा आहे. अर्ध्या वाटेवर उजवीकडे गंगाद्वारचा, म्हणजे डोंगराच्या कुशीतल्या गोदावरीच्या मंदिराचा, फाटा फुटतो. आजी-आजोबा सोबत असतील आणि सातशेच्या घरातल्या पायऱ्या त्यांना झेपत असतील, तर त्यांचा दिवस गंगाद्वारलाच पुरा होतो. बाकीच्यांनी वर जावं. शेवटच्या टप्प्यात कातळातला जिना आणि दरवाजे लागतात, मग पठार आणि पठारावर गोदावरीचं उगमस्थान व जटा मंदिर. आरामात दीड-दोन तास.

बरेच जण इथून मागे फिरतात आणि ब्रह्मगिरीतला खरा ऐवज राहून जातो. जटा मंदिराच्या पुढे पठाराच्या कडेकडेने गेलं की दुर्गभांडार या जोडकिल्ल्याची वाट लागते. डोंगराच्या पोटात खोल चिरलेली अरुंद घळ, तीत उतरणाऱ्या पायऱ्या, तळाशी अर्धा बुजलेला दरवाजा. त्यातून अक्षरशः रांगत बाहेर पडायचं. पुढे दोन्ही बाजूंना दरी असलेली नैसर्गिक भिंत, मग पलीकडे तसाच दरवाजा आणि पुन्हा वर चढणाऱ्या पायऱ्या. जाऊन-येऊन दोन तास धरा. अडचण दोनच ठिकाणी येते. मोठी पाठपिशवी दरवाजात अडकते, ती आधी पुढे सरकवावी लागते. आणि भर पावसात त्या भिंतीवर वारा माणसाला ढकलतो. वारा इतका असेल की टोपी डोक्यावर राहत नाही, तर भिंतीवर पाऊल टाकू नका, घळीतूनच परत फिरा.

ब्रह्मगिरीवर सर्वांत जास्त उपद्रव माकडांचा. हातातली प्लॅस्टिकची पिशवी त्यांना खाऊच वाटते, मग तिच्यात चप्पल असो की औषधं. खाणं पाठीवरच्या बंद पिशवीत, चष्मा दोरीला, मोबाईल खिशात. मक्याचं कणीस वाटेवर चालत खायचं नाही, टपरीशी बसूनच संपवायचं. उतरताना गुडघा बोलतो तो पायऱ्यांमुळे, कारण प्रत्येक पायरीवर सगळं वजन एकाच पायावर आदळतं. थोडं तिरपं उतरलं आणि काठी पुढच्या पायरीवर टेकवली तर फरक पडतो. श्रावणी सोमवारी, विशेषतः तिसऱ्या, ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी गाव ओसंडतं. फेरी करायची असेल तर तोच दिवस, निवांत डोंगर हवा असेल तर तो सोडून कुठलाही.

अंजनेरीचा पायथा त्र्यंबकहून सात-आठ किलोमीटर, नाशिकच्या वाटेवर. नाशिकहून येणाऱ्या एस.टी. आणि सिटीलिंकच्या बस त्र्यंबक रस्त्यानेच धावतात, अंजनेरी फाट्यावर उतरता येतं. पण फाट्यावरून गाव आणि गावातून वनखात्याच्या वाहनतळापर्यंतची चढण पायी केली तर मूळ चढाई सुरू व्हायच्या आतच तासभर आणि अर्धा दम गेलेला असतो. रिक्षा किंवा स्वतःची गाडी वरपर्यंत न्यावी. नाक्यावर प्रवेशशुल्कासाठी सुटे पैसे जवळ ठेवा, मोबाईलची रेंज तिथे भरवशाची नाही.

वाहनतळापासून पायऱ्यांनी घळीतून वर यायचं. वाटेत कातळात कोरलेली जैन लेणी लागतात, ती सहसा घाईत मागे पडतात. घळ संपली की विस्तीर्ण पठार, त्यावर अंजनीमातेचं मंदिर, पुढे तळं. इथपर्यंत सव्वा ते दीड तास. सहा-सात वर्षांची मुलं इथवर सहज येतात. तळ्यापाशी डबा खाऊन परतलं तरी सहल पूर्ण वाटते, आणि मिश्र गटासाठी अंजनेरीच पहिली पसंती असण्याचं कारण हेच. ज्यांना दम आहे त्यांनी सीतागुंफा करून दुसरा चढ चढावा, माथ्यावरच्या मंदिरापर्यंत आणखी तासभर. थकलेल्यांनी तळ्यापाशी थांबावं. हरिहरला अशी मध्ये थांबायची सोय नाही.

फसगत होते ती धुक्यात. जुलै-ऑगस्टमध्ये पठारावर दहा पावलांपुढचं दिसेनासं होतं आणि गुरांच्या वाटा चारी दिशांना फुटलेल्या असतात. घळीच्या तोंडापाशी पोहोचताच मागे वळून जागा नीट पाहून ठेवा आणि फोनमध्ये ती खूण नोंदवा. परतताना घळ सापडली नाही तर कड्याच्या काठाने शोधत फिरू नका. मंदिरापर्यंत मागे या आणि तिथून पुन्हा मळलेली वाट धरा.

सप्टेंबरात पठार फुलतं. कंदीलपुष्पाची एक जात याच डोंगरावरून २००६ मध्ये नव्याने नोंदली गेली आणि तिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. फूल इतकं लहान की पायवाट सोडून गवतात शिरलेल्याच्या बुटाखाली ते जातं आणि त्याला कळतही नाही. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. स्पीकर लावून येणाऱ्यांनी दुसरा डोंगर शोधावा, खरं तर एकही शोधू नये.

आता हरिहर. गाडी हवीच. पायथ्याची गावं दोन: त्र्यंबकहून हर्षेवाडी सुमारे १३ किलोमीटर आणि निरगुडपाडा २२ च्या आसपास. हर्षेवाडी मुळात उंचावर आहे, वाट छोटी आणि सोपी, पाऊण-एक तासात पायऱ्यांशी. निरगुडपाड्याकडून शेतं, रान आणि मग धार, दीड-दोन तास. समोरून दिसणारा तो प्रसिद्ध कातळकडा आणि त्यावरचा जिना या बाजूने येताना जास्त उठून दिसतो, म्हणून गर्दी इकडे. नवशिके सोबत असतील तर हर्षेवाडीच बरी, त्यांची ताकद जिन्यासाठी शिल्लक राहते.

जिना जवळजवळ ८० अंशांत उभा. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी हातासाठी खोबण्या आहेत आणि त्या चांगल्या खोल आहेत. हात खोबणीत असेल तर पडायला कारण नाही. पहिल्या दरवाजानंतर कड्याच्या पोटातून वाकून जायची आडवी वाट, मग पुन्हा पायऱ्या, त्या पहिल्यांपेक्षा अरुंद. वर हनुमान-महादेवाचं ठिकाण, तळं आणि लहान झरोक्यातून आत शिरायची दगडी कोठी. १८१८ मध्ये इंग्रज कॅप्टन ब्रिग्जच्या फौजेने इथले किल्ले घेतले आणि अनेक ठिकाणच्या वाटा सुरुंगाने उडवल्या, हा जिना मात्र वाचला.

चढणं सोपं, उतरणं अवघड. कारण उतरताना तोंड दरीकडे करून पाय टाकायचा मोह होतो आणि पायरी दिसतच नाही, दिसते ती पोकळी. तोंड कातळाकडे, हात खोबणीत, एक पाय खाली चाचपून टेकला की मग दुसरा. पाण्याची बाटली पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात नको. ती निसटली तर खालच्याच्या डोक्यावर जाते. छत्री, काठी, सेल्फी स्टिक सगळं आत, दोन्ही हात मोकळे. जिना एका वेळी एकाच दिशेने चालतो. खालून वर आणि वरून खाली दोन्ही रांगा भिडल्या की मधली माणसं तासभर खोबणीला धरून उभी राहतात, पोटऱ्या थरथरू लागतात आणि घाबरलेला एक जण सगळ्यांना थांबवतो. असं कोणी थिजलं तर वरून ओरडून सूचना देऊ नका. त्याच्या एक पायरी खाली एकाने उभं राहावं, पाय कुठे टेकायचा ते हाताने दाखवावं.

म्हणून पावसाळ्यातला शनिवार-रविवार हरिहरसाठी नाहीच. तेव्हा पायऱ्यांवर बुटांचा चिखल आणि रांग दोन्ही असतात, आणि गर्दी वाढली की प्रवेशावर बंधनंही येतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारीतला मधला वार, सकाळी साडेसहाला चढायला सुरुवात, नऊच्या आत जिना उतरून खाली, असा बेत जमत असेल तर तिन्हींत हरिहरसारखी मजा दुसरी नाही. उंचीची भीती असलेला एक जरी सोबत असेल तर तो खाली एकटा बसणार, हे धरूनच निघा.

पाणी पावसाळ्यात माणशी दोन लिटर, एरवी तीन. चकचकीत तळाचे फॅशनचे बूट तिन्ही डोंगरांवर घसरतात. जुना रबरी तळही वर्षानुवर्षं पडून कडक झालेला असतो, नखाने दाबून पाहा. नख रुतत नसेल तर ते बूट गावात घाला.

धो धो कोसळत असेल तर तिन्ही सोडा, आणि त्याऐवजी दुगारवाडीच्या धबधब्याला तर मुळीच जाऊ नका. तिथे येता-जाता ओढा ओलांडावा लागतो आणि वर डोंगरात पाऊस झाला की पाणी मिनिटांत वाढतं, लोक पलीकडे अडकल्याचे प्रसंग घडलेले आहेत. पाऊस थोडा ओसरला तर गंगाद्वार करा, नाही तर अंजनेरीचं नाणी संग्रहालय पाहून नाशिकच्या पांडवलेण्यांकडे वळा. तिथे वीसेक मिनिटांचा पायऱ्यांचा चढ, २४ लेणी, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याची अमृतस्नानं आहेत. त्या दिवसांच्या आगेमागे त्र्यंबक रस्त्याने फक्त डोंगरासाठी येण्यात अर्थ नाही, वाहनं बाहेरच थांबवली जातात. तेव्हा नाशिकलाच राहा आणि पेठ रस्त्यावरचा रामशेज करा. पायथ्याचं आशेवाडी शहरापासून १५ किलोमीटरच्या आत आहे आणि किल्ला दोन-अडीच तासांत पाहून होतो.