एका रेझिस्टरपायी : स्वस्तातल्या टॅबचे अकरा महिने

गेल्या जूनमध्ये ८,९९९ ला घेतला. दहा इंची स्क्रीन, युनिसॉक टी६०६ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, ८००० एमएएच बॅटरी. खोक्यावर लिहिलेलं आहे ते परत सांगत बसत नाही. लेक आठवीत, तिचे स्कॉलरशिपचे क्लास ऑनलाइन, आणि नानांना पेपर मोठ्या अक्षरात हवा. गरज तेवढीच. कंपनीचं नाव देत नाही. या किमतीतले बरेच टॅब आतून एकमेकांचे चुलतभाऊच असतात.

आधी स्पीडचं उरकतो. टी६०६ला लोक उगाच नावं ठेवतात. दोन ए७५ कोअर आणि सहा ए५५, क्लास आणि पीडीएफला पुरेत. घोडं पेंड खातं ते ईएमएमसी स्टोरेजपाशी. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते, यूएफएस नावाच्या वेगवान स्टोरेजसारखं दोन्ही एकदम जमत नाही. त्यामुळे मागे ॲप अपडेट होत असली की पुढे पेपरचं पानसुद्धा उलटत नाही, आणि नाना बोटाने काच घासत बसतात. त्यात कंपनीने '४ + ४ जीबी रॅम' म्हणून एक गंमत चालू करून पाठवली आहे. ही जादाची रॅम म्हणजे त्याच मंद स्टोरेजचा कापून घेतलेला तुकडा. सेटिंगमध्ये जाऊन बंद केली, तेव्हा कुठे टॅब जरा माणसात आला. घेतला असेल तर पहिल्या दिवशी हेच करा.

आता चार्जिंग. सोबत १० वॅटचा चार्जर येतो. ८००० एमएएच गुणिले ३.८५ व्होल्ट म्हणजे साधारण ३१ वॅट-अवर, म्हणजे कागदावरच तीन तासांच्या वर. घरात साडेचार लागतात, कारण ऐंशी टक्क्यांनंतर तो थेंब थेंब पितो. क्लास चालू असताना लावला तर तासाभरात दहा-बारा टक्के चढला तरी नशीब, अर्धी वीज स्क्रीनच खाते. पहिले चार महिने मी यावर रोज चरफडायचो. मग हिशेब केला : भिंतीतून एका चार्जला ४० वॅट-अवर धरले तरी एका युनिटमध्ये पंचवीस वेळा चार्ज होतो. रात्री जेवणं झाली की ओट्याशेजारी लावायचा आणि झोपायचं. तक्रार मागे घेतली. या भावात १० वॅट मला चालतील.

इथवर हे सगळं एप्रिलमध्ये लिहून ठेवलं होतं आणि चार स्टार द्यायचे ठरवले होते.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, लाइट तीनदा गेली-आली आणि चार्जर मेला. म्हटलं, घरात मोबाइलचा ३३ वॅटचा नवा आहे, दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल आहे. लावला. काही नाही. लॅपटॉपचा ६५ वॅटचा लावला. काही नाही, साधं बॅटरीचं चिन्हसुद्धा नाही. सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या पोराने त्यांच्याकडचा सी-टू-सी चार्जर लावून बघितला, पडदा काळाच. दोन दिवसांनी फोन : "सर, चार्जिंग आयसी, म्हणजे चार्जिंगची चिप, गेलाय. बाहेरचा चार्जर लावलात म्हणून वॉरंटीत बसत नाही. ३,२०० होतील." नऊ हजारांच्या वस्तूला ३,२००! मी विचारलं, आयसी गेलाय हे मोजलं कशावर? "सर, सिस्टीमला तसंच येतंय." मी जॉबशीटवर 'दुरुस्ती नको' लिहून सही ठोकली आणि टॅब घेऊन आलो. ही म्हणाली, "अहो, तीन हजारांसाठी पोरीचा अभ्यास थांबवणार का?" मी गप्प.

शनिवारी पुण्यात तापकीर गल्लीत गेलो. एका टपरीवजा दुकानातल्या मुलाने टॅब हातातही घेतला नाही. "काका, दोन्हीकडे सी लावताय ना? एकीकडे जुनं चपटं यूएसबी असलेली लावून बघा." त्यानेच एक मळकी केबल लावली, मध्ये छोटा मीटर. ५.०६ व्होल्ट, १.८७ अँपिअर. टॅब मिनिटभराने जागा झाला. आयसी ठणठणीत होता.

घरी येऊन वाचत बसलो तेव्हा उलगडा झाला. सी-टू-सीमध्ये चार्जर आपणहून वीज सोडतच नाही. आधी समोर कोणी आहे का ते बघतो. टॅबच्या पोर्टमध्ये सीसी नावाच्या दोन पिना असतात, प्रत्येकीवर ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा बारीकसा भाग, ग्राउंडला जोडलेला लागतो. तो दिसला की चार्जर पाच व्होल्ट सोडतो. नसला तर घरात कोणी नाही असं समजून कडी लावून बसतो. जुन्या चपट्या यूएसबीत हे लाड नाहीत, तिथे पाच व्होल्ट कायम उभेच. माझ्या टॅबच्या पोर्टमधून ते दोन रेझिस्टर वाचवलेले दिसतात. दोन. सुटे घेतले तर गल्लीत रुपया-दोन रुपयांत दोन्ही येतात, आणि घाऊक घेणाऱ्या कंपनीला किती पैसे पडत असतील ते तुम्हीच बघा. चूक मोठ्यांकडूनही होते म्हणा. २०१९ साली रास्पबेरी पाय ४ आला तेव्हा त्यात दोन पिनांना मिळून एकच रेझिस्टर होता आणि काही चांगल्या केबलींवर तो चालूच होईना. पण त्यांनी पुढच्या बोर्डात ते सुधारलं. माझ्या कंपनीने भोक सी-चं ठेवलं, खोक्यावर 'टाइप-सी' ठळक छापलं आणि आतलं कामच केलं नाही. स्क्रीन फिकट असती तर चाललं असतं, कॅमेरा भिकार आहे तोही चालतो. हे नाही चालत.

आता ड्रॉवरमधला २०१६चा चार्जर आणि दीडशे रुपयांची केबल यावर गाडी सुरळीत आहे. केबलवर लाल टेप गुंडाळलाय, म्हणजे घरात दुसरं कोणी उचलायला नको. मीटरपण घेतला, ३५० गेले. हिच्या मते तो माझा खरा खर्च. दोन स्टार देतो, त्यातला एक स्पीकरचा. नानांचं कीर्तन स्वयंपाकघरापर्यंत स्वच्छ ऐकू येतं.

गेल्या आठवड्यात ताईच्या मुलासाठी टॅब घ्यायला गेलो तेव्हा खिशात सी-टू-सी केबल आणि चार्जर घेऊनच गेलो. दुकानदाराला म्हटलं, आधी लावून बघणार. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण डेमोचे तीन काढून दिले. दोन लागले, एक मख्ख. लागलेल्यांतला स्वस्त होता तो बांधून घेतला. रिक्षात ताई म्हणाली, "कॅमेरा कसा आहे रे याचा?" तो बघायचाच राहिला.